टेक्सासमध्ये तेलक्षेत्रातलं खारं पाणी जमिनीत सोडण्याचा परवाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिडलंड आणि ह्यूस्टनच्या मराठी मंडळींकडून, पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांकडून आणि भारतात बसून इथल्या अर्जांची कागदपत्रं तयार करणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं टेक्सासपुरती आहेत. शेजारच्या न्यू मेक्सिकोत किंवा ओक्लाहोमात फॉर्म वेगळे आणि कायदाही वेगळा. फी, फॉर्म आणि सूचना बदलत असतात, म्हणून अर्ज पाठवण्याच्या दिवशी रेलरोड कमिशनच्या (इथे हा परवाना देणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या) संकेतस्थळावरचा चालू फॉर्मच उतरवून घ्या.

१. हे खारं पाणी येतं तरी कुठून? तेलात पाणी मिसळतात का?

मिसळत नाहीत. ज्या खडकात तेल असतं त्याच खडकाच्या छिद्रांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं पाणीही अडकलेलं असतं. तेल वर आलं की ते सोबत येतं. फ्रॅकिंग केलेल्या, म्हणजे दाबाने पाणी ढकलून खडक फोडलेल्या, विहिरीत सुरुवातीला आपणच आत ढकललेलं पाणीही परत येतं. पश्चिम टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात एका बॅरल तेलामागे कित्येक बॅरल पाणी निघणं ही रोजची गोष्ट आहे. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. पर्मियनचाच भाग असलेल्या डेलावेअर खोऱ्यातल्या पाण्यात ते अनेकदा एक लाखाच्या वर जातात. शिवाय तेलाचा अंश, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड आणि थोडं रेडियमही असतं. हायड्रोजन सल्फाइड असेल तर त्याचे नियम आणि फॉर्म वेगळे, ते या अर्जात धरू नका.

२. आपल्याकडे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतात. हे तसंच जिरवणं आहे ना?

नाही, अगदी उलट. आपण पाणी जिरवतो ते भूजलात मिळावं म्हणून. इथे सगळा खटाटोप हे पाणी भूजलात मिळू नये यासाठी असतो. ते गोड्या पाण्याच्या खूप खाली, वर पक्कं झाकण असलेल्या सच्छिद्र थरात दाबाने सोडायचं आणि तिथेच ठेवायचं. पूर्वी टेक्सासात ते उघड्या खड्ड्यांत सोडून देत. पाणी उडून जायचं, मीठ खाली झिरपायचं आणि गावाच्या विहिरी खाऱ्या व्हायच्या. १९६९ पासून अस्तर नसलेल्या अशा खड्ड्यांत पाणी सोडायला राज्यभर बंदी आहे. त्या काळातले पांढरे, गवत न उगवणारे पट्टे काही रँचवर आजही दिसतात. असा एक पट्टा पायाखालून गेला की परवान्यातली प्रत्येक अट का आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

३. परवाना रेलरोड कमिशन देतं म्हणे. रेल्वेचा इथे काय संबंध?

नाव जुनं राहिलं, एवढाच संबंध. रेलरोड कमिशन ऑफ टेक्सास १८९१ मध्ये रेल्वेसाठी स्थापन झालं. १९१७ मध्ये तेलवाहिन्या आणि १९१९ मध्ये तेल-वायूचं नियमन त्याच्याकडे आलं. रेल्वेचं उरलेलं काम २००५ मध्ये त्याच्याकडून गेलं. आज ऑस्टिनमध्ये बसणारे तीन निवडून आलेले कमिशनर तेल-वायूचा कारभार पाहतात.

जमिनीत द्रव सोडणाऱ्या विहिरींचा मूळ कायदा केंद्राचा आहे, १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा. तेलक्षेत्रातलं पाणी सोडणाऱ्या विहिरी त्यात दुसऱ्या वर्गात येतात. या वर्गाचे अधिकार केंद्रीय पर्यावरण संस्थेने १९८२ मध्ये कमिशनकडे सोपवले. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याच्या विहिरी मात्र राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे असतात. अर्ज चुकीच्या दारात टाकू नका.

४. मुंबई हायला असंच पाणी निघतं. तिथेही असाच परवाना लागतो का?

उरणला काम करून आलेले बरेच जण हे विचारतात. मुंबई हाय समुद्रात आहे, तिथलं तेल १९७४ मध्ये सापडलं. समुद्रातल्या क्षेत्रावर पाणी शुद्ध करून, त्यातलं तेल ठरलेल्या मर्यादेखाली आणून समुद्रात सोडायची सोय असते. पश्चिम टेक्सास समुद्रापासून शेकडो मैल दूर, आणि सगळी शेती-रँच उपशाच्या पाण्यावर. तिथे बहुतेक पाणी शेवटी जमिनीखालीच जातं. त्यामुळे तिकडचा पंप-व्हॉल्व्हचा अनुभव इथे कामाला येतो, कागदांचा येत नाही.

५. डब्ल्यू-१४ भरायचा की एच-१? दोन्ही सारखेच दिसतात.

पाणी ज्या थरात सोडणार त्या थरातून तेल किंवा वायू निघतो का, यावर हे ठरतं. निघत नसेल तर कमिशनचा नियम ९ आणि फॉर्म डब्ल्यू-१४. निघत असेल तर नियम ४६ आणि फॉर्म एच-१, त्याला जोडून विहिरीच्या माहितीचा एच-१ए. तेल वर ढकलण्यासाठी त्याच साठ्यात पाणी सोडायचं असेल तरी एच-१च.

घोळ होतो तो 'निघतो का' या शब्दांवर. आज निघत नाही एवढं पुरत नाही. दोन मैलांच्या आत त्या थरातून आज किंवा पूर्वी कधी उत्पादन झालं आहे का, ते तपासावं लागतं. चाळीस वर्षांपूर्वी दीड मैलावरच्या एका विहिरीने त्या थरातून थोडं तेल दिलं असेल आणि तुम्ही डब्ल्यू-१४ पाठवला असेल, तर अर्ज परत येतो आणि नोटिशींचा खर्च पुन्हा करावा लागतो. आधी उत्पादनाच्या जुन्या नोंदी काढा, मग फॉर्म उघडा.

६. अर्जासोबत काय काय जोडायचं?

सगळ्यात आधी ऑपरेटरचं (विहीर चालवणाऱ्या कंपनीचं) पी-५, म्हणजे कमिशनकडची संस्था-नोंदणी, चालू आणि आर्थिक हमीसह हवी. दरवर्षी तिचं नूतनीकरण होतं. ती लटकलेली असेल तर बाकीचे कागद कितीही चोख असले तरी उपयोग नाही. त्यानंतर त्या विहिरीचा किंवा जवळच्या विहिरीचा पूर्ण विद्युत लॉग (खोलीनुसार खडकांची विद्युत नोंद), केसिंग (विहिरीचं पोलादी अस्तर), त्याबाहेरचं सिमेंट आणि पॅकर (ट्युबिंग, म्हणजे आतल्या नळीभोवतीची पोकळी बंद करणारं बूच) दाखवणारा विहिरीचा आराखडा, आसपासच्या विहिरी आणि जमीनमालक दाखवणारा नकाशा, कमिशनच्या भूजल कक्षाचं पत्र (प्रश्न ७), जुन्या विहिरींचा तक्ता (प्रश्न ८), नोटिशींचे पुरावे (प्रश्न ९) आणि भूकंपांची माहिती (प्रश्न १२). डब्ल्यू-१४ ची मूळ फी विहिरीमागे १०० डॉलर, त्यावर अधिभार. अर्ज फेटाळला तरी फी परत मिळत नाही.

७. भूजल कक्षाचं पत्र म्हणजे काय? आमच्याकडे ड्रिलिंगच्या वेळचं एक पत्र आहे, तेच चालेल का?

चालत नाही. ड्रिलिंगच्या वेळच्या पत्रात वरचं केसिंग किती खोल घालून कुठवरचं पाणी जपायचं ते असतं. पाणी सोडण्याच्या विहिरीला वेगळं पत्र लागतं: या थरात, या खोलीवर पाणी सोडल्याने गोड्या पाण्याच्या थरांना धोका नाही, असं सांगणारं.

'गोडं' याचा अर्थही नीट पाहा. लिटरला ३,००० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी वापरण्याजोगं धरतात. केंद्राचा कायदा १०,००० मिलिग्रॅमपर्यंतच्या पाण्यालाही पिण्याचा संभाव्य स्रोत मानून जपतो. इतकं खारं पाणी आज कुणी तोंडाला लावणार नाही, तरी उद्या ते शुद्ध करून प्यावं लागू शकतं. दुष्काळी गावात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला ही तरतूद पटकन पटते. संरक्षित पाण्याच्या तळापासून तुमच्या थराच्या माथ्यापर्यंत एकूण किमान २५० फूट चिकणमाती किंवा शेलसारखा अभेद्य खडक असावा, अशी अपेक्षा असते. तो लॉगवर मोजून दाखवा, अंदाजाने लिहू नका.

८. पाव मैलातल्या जुन्या विहिरींचा तक्ता इतका का ताणतात? त्या विहिरी तर आमच्या नाहीत.

मला विचाराल तर सगळ्या अर्जाचा जीव या एका तक्त्यात आहे, आणि लोक तो शेवटच्या रात्री भरतात.

तुमची नवी विहीर कितीही पक्की बांधा. तुम्ही थरातला दाब वाढवला की पाणी सोपी वाट शोधतं. ती वाट असते कुणीतरी १९४० च्या दशकात खोदलेली, अर्धवट सिमेंट केलेली, तशीच सोडलेली विहीर. दाबाखालचं खारं पाणी तिच्यातून वर चढतं आणि गोड्या पाण्यात शिरतं, कधी थेट जमिनीवर येतं. २०२२ च्या जानेवारीत क्रेन काउंटीत एका जुन्या विहिरीतून खारं पाणी कारंज्यासारखं उसळत होतं.

म्हणून नियम सांगतो की तुमच्या विहिरीपासून पाव मैलाच्या वर्तुळातली नोंद असलेली प्रत्येक विहीर दाखवा: किती खोल, केसिंग कुठवर, सिमेंटचा माथा कुठे, बुजवली असेल तर कधी आणि कशी. खरा प्रश्न ज्या विहिरी तुमच्या थरापर्यंत पोहोचतात त्यांचा. पर्मियन खोऱ्यातल्या नव्या परवान्यांसाठी १ जून २०२५ पासून हे वर्तुळ अर्ध्या मैलाचं झालं आहे. त्रिज्या दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि जुन्या क्षेत्रात विहिरीही त्याच प्रमाणात वाढतात. जुन्या पाव मैलाच्या हिशेबावर बांधलेलं वेळापत्रक आता फेकून द्या.

बुजवल्याचा कागद मिळाला नाही तर? 'माहिती उपलब्ध नाही' लिहून पुढे जाऊ नका. कमिशनच्या जिल्हा कार्यालयाच्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) पाहा, जुन्या ऑपरेटरच्या नावांच्या स्पेलिंगमधले फरक धरून शोधा, शेजारच्या लीजच्या (तेल काढायला भाडेकराराने घेतलेल्या जमिनीच्या) फायलीत पाहा. मी एका अर्जात अशी एक विहीर तीन आठवडे शोधत होतो. कागद सापडला तो भलत्याच लीजच्या नावाखाली, आणि सिमेंटचा बूच आमच्या थराच्या वर नव्हे, खाली निघाला. ऑपरेटरने ती विहीर स्वखर्चाने पुन्हा बुजवली. त्याला ते महाग पडलं, पण त्या रँचवरच्या पवनचक्कीखालची विहीर आजही गोड पाणी देते. कागद मिळालाच नाही, तर ती विहीर उघडून नीट बुजवणं, जागा बदलणं किंवा वेगळा थर निवडणं, हे तीनच प्रामाणिक मार्ग मला माहीत आहेत.

९. नोटीस कुणाकुणाला द्यायची?

ज्या जमिनीवर विहीर आहे तिच्या नोंदलेल्या मालकाला, अर्ध्या मैलातल्या प्रत्येक विहिरीच्या ऑपरेटरला आणि काउंटीच्या क्लार्कला. विहीर शहराच्या हद्दीत असेल तर शहराच्या क्लार्कलाही. व्यावसायिक विहीर असेल (प्रश्न १६) तर त्या जमिनीला लागून असलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मालकालाही. नोटीस म्हणजे अर्जाची प्रत, नुसतं पत्र नव्हे. शिवाय त्या काउंटीत वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात एकदा जाहिरात द्यायची आणि तिचं कात्रण व वर्तमानपत्राचं प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडायचं.

मालकाचं नाव काउंटीच्या कर-नोंदीतून ताजं काढा. जुन्या मालकाला गेलेली नोटीस ही नोटीसच नव्हे. आणि एक आपुलकीची सूचना: टपाल पोहोचण्याआधी रँचवर स्वतः जाऊन सांगा. बातमी सरकारी लिफाफ्यातून कळली की माणूस आधी घाबरतो, मग चिडतो.

१०. शेजाऱ्याने हरकत घेतली तर अर्ज बाद होतो का?

लगेच नाही. नोटीस मिळाल्यापासून किंवा जाहिरात छापल्यापासून १५ दिवस हरकतीसाठी असतात. हरकत आली नाही आणि कागद पूर्ण असले तर कर्मचारी पातळीवर परवाना मिळू शकतो. हरकत आली तर अर्जदाराला सुनावणी मागावी लागते, नाहीतर अर्ज पुढे जात नाही. सुनावणीत दोन्ही बाजूंचे भूशास्त्रज्ञ साक्ष देतात, तपासणारे अधिकारी शिफारस करतात आणि निर्णय तिन्ही कमिशनर घेतात.

हरकत घेणारा 'बाधित' असावा लागतो: सर्वसामान्य जनतेपेक्षा वेगळं, प्रत्यक्ष नुकसान त्याचं झालं असेल किंवा होणार असेल. ट्रकच्या वर्दळीने रस्ते धोक्याचे होतील, ही हरकत फार वेळा येते. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तर टेक्सासच्या बार्नेट शेल या वायूक्षेत्रातल्या एका विहिरीच्या खटल्यात ठरवलं की कायद्यातल्या 'सार्वजनिक हिता'त कमिशनने रहदारीची सुरक्षा धरली नाही तर ते चूक नाही. कायद्याने हा मुद्दा सुटला. लहान मुलांच्या शाळेच्या बसच्या वाटेवरून दिवसाला पन्नास टँकर जाणार असतील तर तो माणुसकीने सोडवायला हवाच. वेळा आणि वाट बदलून देणं तुमच्या हातात आहे, आणि मी ते दरवेळी सुचवतो.

११. दाब आणि रोजचे बॅरल कोण ठरवतं?

तुम्ही मागता, कमिशन मर्यादा घालतं. पृष्ठभागावरच्या दाबाचा नेहमीचा हिशेब असा: थराच्या माथ्यापर्यंतच्या प्रत्येक फुटामागे अर्धा पीएसआय (चौरस इंचावरचे पौंड). माथा ५,००० फुटांवर असेल तर २,५०० पीएसआय. याहून जास्त हवा असेल तर खडक कुठल्या दाबाला फुटतो याची टप्प्याटप्प्याने दाब वाढवत घेतलेली चाचणी द्यावी लागते. पर्मियनमध्ये २०२५ च्या सूचनांनंतर हा ढोबळ हिशेब पुरत नाही. वरचं झाकण फुटू नये म्हणून तिथल्या खडकाच्या गुणधर्मांवर दाब ठरतो, आणि थरात आधीच किती दाब आहे त्यावर रोजचं प्रमाण.

१२. पाणी सोडल्याने खरंच भूकंप होतात का?

होतात. सगळ्या विहिरींमुळे नाही, पण होतात. खोल थरातला दाब वाढला की जुन्या भ्रंशावरची (खडकातल्या भेगेवरची) पकड सैल होते आणि तो सरकतो. ओक्लाहोमात पॉनीजवळ २०१६ मध्ये ५.८ चा धक्का बसला. पश्चिम टेक्सासात रीव्ह्ज-कल्बर्सन भागात १६ नोव्हेंबर २०२२ रोजी ५.४ चा. किल्लारी आणि कोयना आठवणाऱ्या मराठी माणसाला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

२०१४ पासून अर्जात विहिरीभोवतीच्या १०० चौरस मैलांतल्या नोंदलेल्या भूकंपांची माहिती द्यावी लागते आणि धक्क्यांना हातभार लावणाऱ्या विहिरीचा परवाना बदलण्याचा, थांबवण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार कमिशनला आहे. गार्डनडेल, उत्तर कल्बर्सन-रीव्ह्ज आणि स्टँटन असे तीन भूकंप-प्रतिसाद विभाग २०२१-२२ मध्ये आखले गेले. गार्डनडेलमध्ये खोल थरात पाणी सोडणं थांबवलं. कल्बर्सन-रीव्ह्जमध्येही पुढे खोल विहिरींचे परवाने स्थगित झाले. मग सगळं पाणी उथळ थरांकडे वळलं, तिथला दाब चढला आणि प्रश्न ८ मधल्या जुन्या विहिरी जाग्या झाल्या. दोन्ही संकटं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून थर निवडताना दोन्हीकडे एकदमच पाहा.

१३. परवाना हातात आला. उद्यापासून पंप चालू करू?

थांबा. ड्रिलिंगचा परवाना, डब्ल्यू-१, वेगळा असतो. विहीर तयार झाली की पाणी ट्युबिंगमधून आणि पॅकरखालीच जायला हवं. नियम ९ च्या विहिरीत पॅकर परवानगीच्या थराच्या माथ्यापासून १०० फुटांहून वर नको. मग केसिंग आणि ट्युबिंगमधल्या पोकळीची दाबचाचणी घ्यायची, जिल्हा कार्यालयाला ४८ तास आधी कळवून, आणि तिचा निकाल एच-५ वर द्यायचा. दाब अर्धा तास टिकला पाहिजे. ही चाचणी साधारण दर पाच वर्षांनी आणि पॅकर-ट्युबिंग हलवल्यावर पुन्हा. पुढे दाब आणि प्रमाण दर महिन्याला नोंदवून वर्षातून एकदा एच-१० भरायचा. दाबात अचानक मोठा बदल दिसला तर एच-१० ची वाट पाहू नका, २४ तासांत कळवा.

१४. तेल आटलेली जुनी विहीर पाणी सोडायला वापरता येईल का?

येईल, आणि खर्चही वाचतो. पण तिचं सिमेंट त्या काळच्या गरजेपुरतंच असतं. तुमच्या थराच्या वर केसिंगबाहेर सिमेंट नसेल तर पाणी तुमच्याच विहिरीच्या बाहेरून वर चढेल. सिमेंटचा लॉग आधी घ्या, खरेदीचा निर्णय नंतर.

१५. विहीर विकत घेतली. परवाना आपोआप आमच्या नावावर होतो का?

होत नाही. हस्तांतराच्या किमान १५ दिवस आधी कमिशनला लेखी कळवावं लागतं आणि ऑपरेटर बदलाचा पी-४ मंजूर व्हावा लागतो. थर, दाब, प्रमाण किंवा पाण्याचा प्रकार बदलायचा असेल तर तो सुधारित परवान्याचा नवा अर्ज.

१६. शेजारच्या ऑपरेटरचं पाणी पैसे घेऊन सोडलं तर विहीर व्यावसायिक ठरते का?

पैसे घेतले एवढ्याने नाही. पाणी पूर्ण किंवा काही प्रमाणात ट्रकने येत असेल आणि मोबदला घेऊन ही सेवा देणं हाच विहिरीचा मुख्य उद्देश असेल, तर ती व्यावसायिक. फक्त पाइपलाइनने येणारं पाणी त्या व्याख्येत बसत नाही. घोटाळा मधल्या अवस्थेत होतो: पाइपलाइन बंद पडली म्हणून 'दोन दिवस' टँकर बोलावले आणि ते महिनोन् महिने येत राहिले. परवान्यात काय लिहिलं आहे ते वाचूनच फाटक उघडा.

१७. आमच्याकडे परवाना आहे. पाणी शेजाऱ्याच्या जमिनीखाली सरकलं तरी तो दावा लावू शकत नाही ना?

लावू शकतो. परवाना म्हणजे राज्याची संमती, शेजाऱ्याची नव्हे. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कारखान्याच्या सांडपाण्याच्या एका विहिरीबाबत स्पष्ट केलं की परवाना दिवाणी जबाबदारीपासून ढाल होत नाही. तो दावा टिकतो की नाही हा पुढचा, वकिलाला विचारायचा प्रश्न.

१८. मुळात या पाण्याचा मालक कोण? जमिनीचा की तेलाचा?

जून २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निकाल दिला की तेलासोबत निघणारं हे पाणी तेल-वायूचा कचरा आहे. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ते आणि त्याची विल्हेवाट तेलाच्या भाडेकराराने ऑपरेटरकडे जाते. पण ते पाणी साठवायला लागणारी जमिनीखालची पोकळी हा निराळा विषय आहे. दुसऱ्या लीजचं पाणी आणायचं असेल तर जमीनमालकाशी लेखी करार करूनच आणा.

१९. टाक्या भरल्या आहेत, परवाना पुढच्या आठवड्यात येणार हे नक्की आहे. चार दिवस आधी सुरू केलं तर कुणाला कळणार?

सुरू करू नका. वाहतुकीचा डब्ल्यूएच-१ परवाना असलेल्या वाहनाने पाणी दुसऱ्या परवानाधारक विहिरीवर पाठवा. तेही जमत नसेल तर परवाना हातात पडेपर्यंत उत्पादन थांबवा.